अकरा वेळा म्हणायचे वाक्य

बारामतीच्या कसब्यात, जिथे गल्ली वळून कऱ्हा नदीकडे उतरते, तिथे नारायण मास्तरांचे दोन खोल्यांचे घर आहे. घरावर पाटी नाही. तरीही कोपऱ्यावरचा पानवाला, अनोळखी माणूस थबकलेला दिसला की न विचारताच हात करतो, "इंग्रजीचे मास्तर ना? पुढं जावा. तुळशीचा कट्टा दिसला की थांबा."

शाळेतून निवृत्त होऊन मास्तरांना आठ वर्षे झाली. आता त्यांच्याकडे येतात ती मोठी माणसे. कुणाचे केस पिकलेले, कुणाच्या तळहाताला घट्टे, कुणाच्या पदराला शेणाचा वास. मास्तर त्यांना एकेकट्यालाच बसवतात, दोघांना एकत्र कधीच नाही. कुणी कारण विचारले तर सांगतात, "लहान पोर चुकलं तर हसतं. मोठा माणूस चुकला तर आतल्या आत मरतो. त्याला दुसऱ्याच्या देखत चुकू देऊ नये."

केवढी माया आहे या एका नियमात! आईसुद्धा लेकराचे उष्टे तोंड पदराआड पुसते, चव्हाट्यावर पुसत नाही.

पहिल्या दिवशी ते पुस्तक उघडत नाहीत, मुळाक्षरे गिरवायला लावत नाहीत. तांब्याभर पाणी, वर गुळाचा खडा, आणि एकच प्रश्न. "तुमचं वाक्य कोणतं?" कुणाशी काय बोलावे म्हणून जीव एवढा तळमळला की या वयात वही काखेत मारून तुम्ही इथवर आलात? ते एक वाक्य मराठीत सांगा. मास्तर ते इंग्रजीत करून, आपल्या देवनागरी अक्षरांत, कोऱ्या वहीच्या पहिल्या पानाच्या माथ्यावर लिहितात. मग ते अकरा वेळा म्हणवून घेतात. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत राहतो, जप चालावा तसा. मध्ये अडखळले तर ती खेप धरायची नाही. पुन्हा म्हणायचे. तेवढे एक वाक्य उभे राहिले की त्याच्या आधाराने बाकीची भाषा वेलासारखी चढवायची.

भिगवणचा भीमा उजनीच्या पाण्यात पाहुण्यांना होडीतून रोहित पक्षी दाखवतो. त्याचे वाक्य होते, "साहेब, होडीत उभं राहू नका." अकराव्या वेळी घाम पुसत तो म्हणाला, "मास्तर, एवढ्या येळंला जाळ्यातला चिलापी मासा बी इंग्रजी बोलाय लागला असता!" भवानीनगरच्या विजयसिंहांच्या लेकाने केरळातली मुलगी केली. त्यांना विहीणबाईंना "लाजू नका, पोटभर जेवा" एवढेच म्हणायचे होते. ते म्हणून झाले, विहीणबाई पोटभर जेवल्या, आणि विजयसिंह पेढे घेऊन आले.

अशी हसरी वाक्येच बहुधा यायची. आणि मग कार्तिकातल्या एका गुरुवारी वडगाव निंबाळकरच्या शकुबाई आल्या.

त्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या तेव्हा मास्तरांनी हातातला तांब्या खाली ठेवला. आत स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोचे, पद्माकाकूंचे लाटणे थांबले. या बाईचा मुलगा दीपक मास्तरांचा विद्यार्थी. गुराढोरांत रमणारा, इंग्रजीत अडखळणारा. मास्तरांनी त्याला शाळा सुटल्यावर पायरीवर बसवून शिकवले होते. त्या इंग्रजीच्या बळावर तो न्यूझीलंडला एका मोठ्या गोठ्यावर कामाला गेला, तिथल्याच हॅना नावाच्या मुलीशी त्याने संसार मांडला, त्यांना एक मुलगी झाली. शकुबाई तिला आपली लेक संजीवनी हिच्या फोनवर बघून छकुली म्हणत. आणि गेल्या वर्षीच्या श्रावणात, छातीत संसर्ग होऊन, चौतीस वर्षांचा दीपक तिकडच्या तिकडे गेला.

शकुबाई बसल्या. तांब्यातले पाणी गटागटा प्यायल्या, गुळाचा खडा तोंडात टाकला.

"मास्तर, मला इंग्रजी शिकवा."

"तुमचं वाक्य कोणतं, शकुबाई?" मास्तरांनी विचारले.

"हॅनाला इचारायचंय. तो शेवटाला काय म्हनला?"

"ते मी विचारून देतो की. आत्ता फोन लावू."

शकुबाईंनी मान हलवली. "न्हाय. तुमी मायेचं मानूस. ती कडू बोलली तर तुमी साखर घालून सांगाल. संजीवनीला म्हनलं तर ती म्हनती, आई, काढली असंल की तुझी आठवन. असंल! मला असंल नगं, मास्तर. दुसऱ्याच्या तोंडानं इचारलं की दुसऱ्याच्या मनाचं उत्तर येतं. आनि अजून एक हाय. ती फोन करती, छकुलीला दाखवती. पर माझ्याकडं बघताना तिच्या डोळ्यात राग असतो. मी काय केलंय तिचं? मला माझ्या कानानं ऐकायचंय."

मास्तरांनी कोरी वही घेतली आणि पहिल्या पानाच्या माथ्यावर लिहिले: 'व्हॉट डिड ही से ॲट द एंड?' अक्षर आयुष्यात पहिल्यांदा वाकडे आले.

कारण त्या प्रश्नाचे उत्तर त्यांना ठाऊक होते.

त्या श्रावणातल्या सकाळी, साडेआठच्या सुमारास, मास्तरांच्या फोनवर हॅनाचा निरोप आला होता. शकुबाईंकडे तेव्हा स्वतःचा फोन नव्हता. 'आईला निरोप द्यायचा तर मास्तरांना सांग' असे म्हणून दीपकनेच तिला त्यांचा नंबर देऊन ठेवला होता. निरोपात लिहिले होते की दीपकची प्रकृती फार बिघडली आहे, डॉक्टरांनी आशा सोडली आहे, पण तो शुद्धीवर आहे आणि आईचा आवाज मागतो आहे. ताबडतोब फोन लावून द्या.

मास्तर तसेच निघाले. नऊच्या पुढे वडगावला पोहोचले. शकुबाई डेअरीला दूध घालून रिकामी किटली घेऊन अंगणात शिरत होत्या. "मास्तर, तुमी! या, बसा, च्या टाकते." त्यांचे धाकटे दीर झुंबरराव ओट्यावर होते. त्यांनी मास्तरांचा चेहरा वाचला आणि त्यांना गोठ्यामागे नेले.

सज्जनहो, आपल्या भागात वाईट बातमीला एकदम घरात घेत नाहीत. तिला वेशीवर थांबवतात. आधी जवळची माणसे गोळा करायची, ज्याच्यावर आकाश कोसळणार त्याच्या पोटात दोन घास जाऊ द्यायचे, कारण नंतर किती दिवस चूल पेटणार नाही ते कोण सांगणार! पिढ्यान्पिढ्यांच्या दयेतून निघालेली ही रीत. पण दयासुद्धा वेळ पाहून चालली नाही तर तिच्या टाचेखाली माणूस सापडतो.

झुंबरराव म्हणाले, "मास्तर, वयनीला एकटीला असलं सांगायचं न्हाय. भवानीनगरहून संजीवनीला बोलवून घेतो. लेकीचा आधार असला म्हंजी आई सावरती."

"पण तो बोलायला मागतोय, झुंबरराव."

"डाक्टर लोक भ्या दावत्यात. आजचा दिस तर निघंल? आनि ती सकाळपासनं उपाशी हाय."

मास्तर शिकलेले. निरोपातला शब्दन् शब्द त्यांना कळलेला. तरी त्यांची मान हलली. बाईच्या तोंडाकडे पाहून तसे सांगायचे धैर्य त्यांना नव्हते आणि रीतीने त्या भित्रेपणाला पांघरूण दिले. एवढेच नव्हे. ओट्यावर येऊन त्यांनीच म्हटले, "शकुबाई, चहा राहू द्या. आधी तुम्ही दोन घास खाऊन घ्या."

त्या हसल्या. मास्तरांसमोर बसून त्यांनी पिठले-भाकरी खाल्ली. डेअरीतल्या भांडणाची गंमत सांगत खाल्ली. मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा ते उठून गोठ्यामागे गेले आणि त्यांनी हॅनाला लिहून पाठवले, आई येतेच आहे.

संजीवनीच्या यजमानांची कारखान्यात पाळी होती, गाडी मिळाली नाही, ती पावणेदोनला पोहोचली. दोन वाजता फोन लावला. दीपक दीड वाजता गेला होता. हॅना रडत रडत बोलली ते फक्त मास्तरांनी ऐकले. त्यांनी फोन खाली घेतला आणि जमलेल्यांना सांगितले, "गेला. एकाएकी गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

त्याच वर्षी माघात झुंबरराव वारले. मग त्या पाच तासांचे ओझे एकट्या मास्तरांच्या खांद्यावर राहिले. पद्माकाकूंना ठाऊक होते. पण बायकोने ओझ्याला हात लावला म्हणून ते हलके होते थोडेच!

शकुबाई दर गुरुवारी येऊ लागल्या. दूध घालून सकाळची एसटी धरायच्या, साडेदहाला उंबऱ्यावर हजर. पाणी, गूळ, वही. त्या शिकायच्या त्यात गाईच्या धारेसारखी एक लय असे. न थांबणारी, न सांडणारी. "ही ईट. ही स्लीप. ही वर्क." मास्तर दुरुस्त करायचे, "गेलेल्या काळचं आहे ना? ही वर्क्ड." शकुबाई आधी "गेलेल्या काळचं," असे पुटपुटायच्या आणि म्हणायच्या, "वर्क्ड."

पण मास्तरांच्या शिकवण्यात एक खाडा होता. खाणे, झोपणे, हसणे, रडणे, बोलावणे, ताप, दवाखाना हे सगळे त्यांनी वहीत घेतले. एक शब्द मात्र घेतला नाही: 'वेट'. वाट पाहणे. हॅनाचा सगळा संताप, दीपकचे शेवटचे सगळे आयुष्य त्या एका शब्दात होते. तो बाईला कळलाच नाही तर? उत्तर कानावर पडेल, त्यातले निम्मे कळेल, निम्मे वाहून जाईल, आणि मास्तर वाचतील. चाळीस वर्षे शब्द वाटणाऱ्या माणसाने एक शब्द कडीकुलपात ठेवला.

पद्माकाकू एकदा पोळीला तूप लावता लावता म्हणाल्या, "अहो, वही चाळली मी तिची."

"बरं मग?"

"जो शब्द पहिल्या महिन्यात सगळ्यांना देता, तो तिला अजून दिला नाहीत."

मास्तरांनी पोळीचा तुकडा मोडला.

"सांगायचं धाडस होत नसेल तर नका सांगू. ते तुमचं पाप, तुम्ही फेडा. पण शिकवताना चोरी करू नका हो. त्या बाईने तुम्हाला तोंड मागितलंय स्वतःचं. त्यातला दात काढून देऊ नका."

पुढच्या गुरुवारी मास्तरांनी देवापुढे बराच वेळ हात जोडले. शकुबाई आल्या, पाणी प्यायल्या. मास्तर म्हणाले, "आज नवा शब्द. तुम्ही इथं येताना स्टँडवर काय करता?"

"काय करनार? एसटीची वाट बघते."

"आय वेट फॉर द बस."

"आय वेट फॉर द बस," शकुबाई पहिल्या झटक्यात म्हणाल्या. मग वेट, वेटेड असे जिभेवर घोळवत राहिल्या. "हे तर मला येतंच व्हतं की, मास्तर. जल्मभर हेच केलंय. शब्द तेवढा नव्हता."

तेव्हाच सांगायला हवे होते. मास्तरांनी तोंड उघडलेही. पण शकुबाई वहीत मान घालून तो शब्द गिरवत होत्या, आणि तोंड पुन्हा मिटले.

चैत्रातल्या एका रविवारी त्या फोन करायला मास्तरांच्याच घरी आल्या. "हितं बसलं की मला इंग्रजी येतं," असे त्यांचे म्हणणे. पाणी प्यायल्या, पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, "तुमी भाईर बसा, मास्तर. अडले तरी येऊ नगा."

मास्तर तुळशीच्या कट्ट्यावर बसले. दार लोटलेले होते, मिटलेले नव्हते. आधी छकुलीची किलबिल ऐकू आली, मग शकुबाईंचे "व्हेरी गुड, व्हेरी गुड." मग ते वाक्य आले. स्वच्छ, न अडखळता, एकेक शब्द जपून ठेवत, समईत तेल घालावे तसे.

"हॅना, व्हॉट डिड ही से ॲट द एंड?"

हॅना बराच वेळ बोलली. आधी भरभर, मग थांबून थांबून. शकुबाईंचा आवाज मध्येच उठला, "स्लो. प्लीज. स्लो." पुन्हा हॅना. मग शकुबाई म्हणाल्या, "ही वेटेड?" आणि जरा वेळाने, "हाऊ मेनी अवर्स?"

मास्तरांनी कट्ट्याची कड घट्ट धरली.

दार उघडले. शकुबाई बाहेर आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते. पाणी असते तर मास्तरांना त्यांच्याकडे बघता आले असते.

"पाच तास, मास्तर?"

"होय."

"तो फोन कानाला लावून पडला व्हता. आई येती, आई येती, म्हनत व्हता. आनि फोन तुमच्या खिशात व्हता?"

"होय, शकुबाई."

त्यांनी तुळशीकडे बघितले. "तुमी मला जेवू घातलं. पिठलं-भाकरी व्हती. मी तुमाला डेअरीतली गंमत सांगत व्हते. हसत व्हते मी, मास्तर." त्यांनी हात तोंडाशी नेला, जणू आतले काही काढून टाकायचे आहे. "ती भाकर अजून हितंच हाय बघा."

मास्तर उठले, पायाशी वाकू लागले. शकुबाई दोन पावले मागे सरल्या. "ते नगं," एवढेच म्हणाल्या, चपला घातल्या, आणि ऊन अंगावर घेत गल्ली चढून गेल्या. वही आत पाटावर राहिली.

मास्तर चार दिवस कुणाला शिकवू शकले नाहीत. भीमा आला आणि परत गेला. पद्माकाकूंनी समोर ताट ठेवले की ते घास उचलायचे आणि खाली ठेवायचे. काकू ताट उचलून नेत. सांत्वनाची वेळ कोणती आणि मौनाची कोणती, हे त्यांना समजत होते.

गुरुवारी मास्तरांनी सवयीने तांब्या भरला आणि स्वतःवरच खिन्न हसले. साडेदहा वाजले. उंबऱ्यावर सावली पडली.

शकुबाई आत आल्या. पाटावर बसल्या. समोरचा तांब्या त्यांनी दोन बोटांनी, आवाज न करता, बाजूला सारला. गुळाला हात लावला नाही. आपल्या मुलखात माणूस घरी येऊन पाणी घेत नाही, तेव्हा त्याला जे सांगायचे ते सांगून झालेले असते.

"वही द्या," त्या म्हणाल्या. "नवं वाक्य पायजे."

मास्तरांनी वही पुढे केली.

"त्या दिशी हॅनानं शेवटाला मला इचारलं, 'व्हाय डिड यू नॉट कम?' मला समजलं, मास्तर. तुमीच शिकवलेलं. पर उत्तर देता येईना. माझ्या तोंडात शब्दच नव्हता. तिला वाटतंय मी आले न्हाय. त्याला बी तेच वाटलं असंल. त्याला आता सांगता येत न्हाय. तिला सांगायचंय."

"काय सांगायचंय?"

"मी घरातच व्हते. मला कुनी सांगितलं न्हाय."

मास्तरांनी नवे पान काढले. माथ्यावर लिहिले, 'आय वॉज ॲट होम.' आणि पेन थांबले.

"शकुबाई, कुणी सांगितलं नाही, असं नको. माझं नाव घाला."

त्यांनी पहिल्यांदा मास्तरांच्या डोळ्यांत बघितले. "हॅनापुढं? तुमाला चालंल?"

"चालेल म्हणून नाही. तसं झालं म्हणून."

मास्तरांनी पुढचे वाक्य लिहिले. अक्षर या वेळी सरळ आले. 'माय टीचर डिड नॉट टेल मी.'

"म्हणा."

"आय वॉज ॲट होम. माय टीचर डिड नॉट टेल मी."

मास्तरांचा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर गेला. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. स्वयंपाकघरात पद्माकाकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. चौथ्यांदा, पाचव्यांदा. शकुबाई एका सुरात म्हणत होत्या, मास्तर एका ध्यासाने ऐकत होते. सहाव्यांदा. सातव्या वेळी 'होम' म्हणताना आवाज चिरकला, पुढचे शब्द घशातच राहिले, आणि इतके महिने कोरडे राहिलेले डोळे पदरात गेले.

मास्तरांनी वाट पाहिली. अंगठा सहाव्या पेरावरच होता.

"हे धरलं नाही," ते हळूच म्हणाले. "सातवं परत."

शकुबाईंनी डोळे पुसले आणि सातवे परत म्हटले. मग आठवे. अकरावे संपले तेव्हा त्यांनी वही मिटून पिशवीत घातली आणि साडेबाराच्या गाडीसाठी उठल्या. उंबऱ्यावर, पाठमोऱ्याच, म्हणाल्या, "गुरुवारी येते. छकुलीसाठी काय शिकायचं ते अजून ठरलं न्हाय."

त्या अजूनही येतात. त्या येण्याआधी मास्तर दर गुरुवारी तांब्या घासून भरतात, वर गुळाचा खडा ठेवतात. त्या गेल्यावर पद्माकाकू ते पाणी तुळशीला घालतात.